उत्तर: पुलित्झरमध्ये संगीत कशाला?

'पुलित्झर पत्रकारांचा, त्यात संगीत उगाच घुसडलं' असं वर कुणीतरी लिहिलंय. उगाच नाही हो. हा अमेरिकी पुरस्कार ज्याच्या नावाने देतात त्या जोसेफ पुलित्झरच्या मृत्युपत्रातच संगीत शिकणाऱ्यासाठी शिष्यवृत्ती होती, तिचाच १९४३ मध्ये पुरस्कार झाला.

घोळ आहे तो वेगळाच. १९६५ मध्ये परीक्षकांनी ड्यूक एलिंग्टन या जॅझ संगीतकाराला खास सन्मान द्या म्हणून सुचवलं, मंडळाने चक्क नाकारलं. शेवटी दिला १९९९ मध्ये, माणूस जाऊन पंचवीस वर्षं झाल्यावर! जॅझ म्हणजे बरंचसं ऐन वेळी सुचलेलं, आणि इथे २००४ पर्यंत कागदावर लिहिलेली स्वरलिपी मागायचे.

मी देवगडकडचा, त्यामुळे हे वाचताना दशावतारच आठवतो. जत्रेत रात्रभर नाटक रंगतं, संहिता नावाला नाही, संवाद तिथल्या तिथे. पायपेटी आणि पखवाजवाले राजाचा नूर बघून वाजवतात. त्यांच्याकडे कुणी स्वरलिपी मागितली तर काय देणार, कपाळ?

२०१८ मध्ये मात्र केंड्रिक लामार या रॅपरला मिळाला. आमच्या पेटीवाल्यांना सांगितलं तर म्हणाले, "मगे आमचा कधी?"