शब्दचर्चा : ‘कूर्चा’ म्हणायचं की ‘कवळं हाड’? आणि ‘खनिजीकरण’ की ‘खनिजीभवन’?

मलप्रभाकाठ :
माझी भाची परदेशात एका प्रयोगशाळेत कार्टिलेज आणि दात या दोन्हींवर संशोधन करते. दिवाळीला ती खानापूरला येतेय आणि आमच्या गावच्या मराठी शाळेत आठवी-नववीच्या मुलांपुढे तासभर बोलणार आहे. गुडघे धरून चालणारी गावातली वडीलधारी मंडळीही येऊन बसणार. तिचं टिपण इंग्रजीत आहे, ते मराठीत उतरवायचं काम माझ्याकडे आलंय.

तिचा प्रश्न साधा आहे. सगळ्या अंगात रक्त तेच, त्यातलं कॅल्शियम आणि फॉस्फेटही तेच. मग दात दगडासारखा टणक होतो आणि कानाचा वरचा भाग, नाकाचा शेंडा जन्मभर वाकतो, हे कसं?

मी अडलोय ते दोन शब्दांवर. पहिला कार्टिलेज. वर्तमानपत्रं कूर्चा लिहितात, हिंदीतून उपास्थि आलाय, शाळेच्या पुस्तकात कास्थी आहे. आमच्या आईला एका दवाखान्यात ‘तुमची कूर्चा झिजलीय’ असं सांगितलं. घरी येऊन ती विचारायला लागली, ‘कुंचा झिजलाय म्हणे. रंग द्यायचा कुंचा का रे?’ तिला समजावून सांगायला मला स्वयंपाकघरात जावं लागलं. त्या दिवशी मटण शिजत होतं. फऱ्याच्या कडेला जो निळसर पांढरा, गुळगुळीत, दातांखाली कुरकुरणारा भाग असतो तो दाखवला. आई म्हणाली, ‘हे होय! हे तर कवळं हाड.’

दुसरा शब्द मिनरलायझेशन, म्हणजे अंगात खनिज बसून एखादा भाग टणक होणं. त्याबद्दल खाली लिहितो. आधी पहिल्यावर बोला.

शहापूरचा वैद्य :
तुमच्या आईंनी सुश्रुताचाच शब्द सांगितला. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात हाडांचे पाच प्रकार दिलेत: कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक. यातला ‘तरुण’ नाक, कान, मान आणि डोळ्याची खोबण इथे सांगितलाय, आणि ‘रुचक’ म्हणजे दात. तुमच्या भाचीचे दोन्ही विषय त्या एकाच यादीत शेजारी बसलेत. तरुणास्थि म्हणजे कोवळं हाड, आणि कोवळ्याचं आपल्याकडचं रूप कवळं.

याहून सुंदर जागा निदानस्थानात आहे, अस्थिभंगाच्या पंधराव्या अध्यायात. कुठलं हाड कसं मोडतं ते सांगताना तरुणास्थीला क्रियापद ‘नम्यन्ते’ आणि रुचकांना ‘स्फुटन्ति’. एक वाकतं, दुसरं फुटतं. हाडात खनिज किती याचा हिशोब हाताशी नव्हता, पण त्याचा परिणाम नेमका टिपलेला आहे. मुलांना ही दोन क्रियापदं जरूर सांगा.

कूर्चाविषयी माझी तक्रार आहे. संस्कृतात ‘कूर्च’ म्हणजे जुडगा, झुपका, दाढी, कुंचा. मराठी कुंचा त्याच शब्दातून आला, म्हणजे आईंचा कान बरोबर होता. सुश्रुतातही कूर्च आहेत, पण ते मुख्यतः हातापायांतले गुच्छासारखे भाग. कार्टिलेजसाठी हा शब्द पुढे कुणीतरी बसवला आणि तो रुळला.

निपाणीकर :
आमच्याकडे दवाखान्यात ‘गादी’ म्हणतात. ‘गुडघ्याची गादी गेली, वंगण संपलं.’ म्हाताऱ्यांना हेच कळतं, हेच वापरा.

मलप्रभाकाठ :
गादी कळते खरी, पण तिच्यात फार गोष्टी कोंबल्या जातात. मणक्यांमधली चकती ती गादी, गुडघ्यातल्या चंद्रकोरीसारख्या दोन चकत्या त्याही गादी, आणि हाडाच्या टोकावरचा गुळगुळीत थर तीही गादीच. भाची काम करते ती या तिसऱ्या गोष्टीवर, आणि मुलांच्या वाढत्या हाडांतल्या थरावर. नाकाच्या शेंड्याला तर गादी म्हणता येणार नाही.

कास्थीचा विग्रह मला आवडला. संस्कृतात ‘किंचित’ या अर्थी ‘का’ लागतो, कामधुर म्हणजे किंचित गोड. तसं कास्थि म्हणजे किंचित हाड. शब्द नेटका आहे, पण फोड करून सांगितल्याशिवाय तो उघडत नाही.

चिक्कोडीची बाई :
मी शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या आवारात मराठी आणि कन्नड दोन्ही माध्यमं आहेत, मधल्या सुट्टीत पोरं एकमेकांची पुस्तकं बघतात. कन्नडमध्ये कार्टिलेजला मृद्वस्थि म्हणतात. मृदु अधिक अस्थि. कवळं हाड, तरुणास्थि, मृद्वस्थि हे तिन्ही शब्द एकाच नजरेतून आलेत. आपल्या भागातल्या मुलांना हे तीन एका ओळीत फळ्यावर लिहून दाखवले तर कुणालाच शब्द परका वाटणार नाही. माझं मत: बोलताना कवळं हाड, लिहिताना एकदा कंसात कूर्चा, म्हणजे पुढे वर्तमानपत्र वाचताना अडणार नाहीत.

मलप्रभाकाठ :
बाई, हे पटलं. तसंच करतो. आता मिनरलायझेशन.

हिंडलगा :
‘खनिज’ शब्दच मला खटकतो. खनिज म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे बॉक्साइटचे ट्रक येतात. शरीरात खाण कुठली? ‘क्षार बसणे’ म्हणा. बोअरच्या पाण्याने हंड्याला बसतात तसे. सगळ्यांना कळेल.

मलप्रभाकाठ :
हंड्याचं उदाहरण मीही लिहिलं होतं, भाचीने खोडलं. तिचं कारण ऐकल्यावर मला सगळा विषयच वेगळा दिसायला लागला, म्हणून जरा लांबून सांगतो.

हंड्याला बसतं ते मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आणि ते आपोआप बसतं. कुणी बसवत नाही, कुणी अडवत नाही. दातात आणि हाडात असतो तो कॅल्शियम फॉस्फेटचा स्फटिक, हायड्रॉक्सिॲपेटाइटच्या घडणीचा. दातावरच्या दंतवल्काच्या (इनॅमलच्या) वजनात सुमारे ९६ टक्के हेच खनिज. त्याच्या आतल्या दंतिनात सुमारे ७० टक्के. सांध्यातल्या कवळ्या हाडात मात्र ६५ ते ८० टक्के नुसतं पाणी.

आपल्या अंगातल्या द्रवात कॅल्शियम आणि फॉस्फेट इतकं असतं की स्फटिक वाढायला सगळीकडे वाव आहे. तो वाढू नये म्हणून शरीर सतत राखण करतं. पायरोफॉस्फेट नावाचा एक रेणू स्फटिकाला वाढू देत नाही. जिथे टणकपणा हवा तिथल्या पेशी अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर वापरून तो राखणदार मोडून काढतात. रक्ताच्या रिपोर्टात ‘अल्क फॉस’ लिहिलेलं असतं ते हेच. हाड घडण्यात या विकराचा हात असावा हे लंडनमध्ये रॉबर्ट रॉबिसन यांनी १९२३ साली मांडलं. हे विकर जन्मतःच कमी असलं की बाळाचे दुधाचे दात पाच वर्षांच्या आत, मुळासकट, अख्खे गळू शकतात.

उलट बाजू १९९७ साली उंदरांत दिसली. मॅट्रिक्स ग्ला प्रोटीन नावाचं एक प्रथिन काढून टाकलं, तर त्या उंदरांच्या रक्तवाहिन्या आणि कवळी हाडं टणक होऊ लागली. म्हणजे कवळं हाड नुसतं कवळं राहत नाही, ते कवळं राखलं जातं.

आता शब्दाकडे येतो. ‘-भवन’ म्हणजे होणं, ‘-करण’ म्हणजे करणं. डबक्यातलं पाणी उन्हाने जातं ते बाष्पीभवन, पण टाकीतल्या पाण्याचं करतात ते शुद्धीकरण. मग दात घडताना पेशी प्रथिनांची चौकट मांडतात, राखणदार हटवतात, त्या जागी स्फटिक बसवतात, हे सगळं खनिजीकरण. रक्तवाहिनीत किंवा म्हातारपणी गुडघ्यात राखण ढिली पडून जे साचतं, ते खनिजीभवन. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द पुरतो. मराठीत दोन शब्द तयार आहेत आणि त्यांतला फरक हाच तिच्या संशोधनाचा प्रश्न आहे. एका जागी एक आणि दुसऱ्या जागी दुसरं, असे दोन्ही ठेवावेत असं मला मनापासून वाटतं.

शहापूरचा वैद्य :
मान्य. एकच जोडतो: याला अस्थीभवन म्हणू नका. वाढत्या मुलाच्या हाडात आधी कवळं हाड असतं, त्यात खनिज बसतं, पण त्याचं हाड मुख्यतः ‘होत’ नाही. ते बरंचसं काढून टाकलं जातं आणि त्या जागी हाड भरतं.

हिंडलगा :
म्हणजे स्लॅबचं सेंट्रिंग. काँक्रीट धरलं की फळ्या काढायच्या. मी बांधकामात आहे, हे मला लगेच समजलं. क्षाराचा आग्रह सोडला.

टिळकवाडीचा दंतवैद्य :
उशिरा आलो. दातांच्या बाबतीत मराठीकडे जे आयते शब्द आहेत ते टाकू नका. ‘दात आंबणे’ घ्या. कच्ची करवंदं खाल्ली, चिंच चोखली की दात आंबतात आणि मग भाकरीसुद्धा चावत नाही. तोंडातली आम्लता वाढून पीएच ५.५ च्या आसपास खाली आला की दंतवल्कातलं खनिज सुटायला लागतं. लाळ ते थोडंफार परत भरते. या सुटण्या-भरण्याला पुस्तकी शब्द काहीही द्या, पण सुरुवात आंबण्यापासून करा. मुलांच्या जिभेवर तो अनुभव असतो.

दुसरा ‘कीटण’. दातांवरचा चिकट थर लाळेतल्या खनिजाने टणक झाला की कीटण. तुमच्या व्याख्येप्रमाणे हे चक्क खनिजीभवन, कुणी न केलेलं.

आणि दंतवल्काबद्दल. वल्क म्हणजे झाडाची साल. साल तासली तर झाड नवी धरतं, दंतवल्क धरत नाही. ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येतानाच संपलेल्या असतात. म्हणून मी पेशंटना ‘वरचं कवच’ म्हणतो, आणि ते एकदाच मिळतं हेही सांगतो.

चिक्कोडीची बाई :
प्रयोगही ठेवा. कोंबडीच्या तंगडीचं साफ केलेलं हाड व्हिनेगरमध्ये चार-पाच दिवस बुडवून ठेवलं की खनिज निघून जातं आणि ते रबरासारखं वाकतं. आमच्या पोरांनी त्याला पीळ द्यायचा प्रयत्न केला होता. ‘नम्यन्ते’ हातात धरून बघता येतं.

मलप्रभाकाठ :
व्हिनेगरची बाटली आणलीच. अजून एक शब्द हवाय. सांध्यातल्या कवळ्या हाडाचा वरचा थर मऊ, तळाचा थर खनिज बसलेला, आणि दोन्हींच्या मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली एक निळसर रेघ दिसते. इंग्रजीत तिला समुद्राच्या भरतीच्या खुणेवरून नाव दिलंय. आमच्या पोरांनी भरती पाहिलेली नाही.

निपाणीकर :
पाऊस सरल्यावर विहिरीच्या दगडावर पाणी उतरल्याची रेघ राहते. आम्ही तिला पाणरेघ म्हणतो.

मलप्रभाकाठ :
भाचीला कळवलं. तिने लगेच आकृतीत ‘पाणरेघ’ लिहून पाठवलं, आणि खाली विचारलंय: रेघेखालचा थर कवळ्या हाडाचाच आहे पण टणक, मग त्याला ‘जून’ म्हणता येईल का? अडचण अशी की तो तरण्या माणसातही असतो. सुचवा.