जुन्या बॅटरीतले शिसे : वस्तीलगतच्या भट्ट्या बंद कराव्यात का?

कृष्णाकाठ
सांगली-मिरज भागात इन्व्हर्टर, ट्रॅक्टर आणि रिक्षांच्या जुन्या बॅटऱ्या भंगारात जातात. त्यांतल्या काही परवानाधारक कारखान्यापर्यंत न पोहोचता पत्र्याच्या शेडमध्येच फुटतात. आमच्या शिवाराजवळच्या अशा एका शेडमध्ये कोयत्याने पेटी फोडतात, आम्ल ओढ्याकडे सोडतात, प्लेटा कढईत वितळवतात आणि वर आलेला मळ झाऱ्याने काढून मागच्या बांधावर टाकतात. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळत असल्यामुळे कोळशाची साधी भट्टीही पुरते, आणि म्हणूनच हा धंदा कुठेही थाटता येतो. या भट्ट्या सरसकट बंद व्हाव्यात.

मिरजेचा भंगारवाला
आपल्या घरी इन्व्हर्टर असेलच. शिसे-आम्ल बॅटरी १८५९ सालची, तरी गाडी सुरू करायला अजून तीच परवडते. मिरजेच्या दवाखान्यांतील क्ष-किरण खोल्यांनाही शिशाचेच अस्तर असते. हा धातू कितीही वेळा वितळवला तरी पुन्हा वापरता येतो. परवानाधारक कारखाना दूर, त्याला किरकोळ माल नको असतो. भट्टीवाला मात्र जागेवर रोख मोजतो. बंदी आली तर भट्टी उसाच्या फडाआड जाईल, एवढेच.

कृष्णाकाठ
भिंतीतले शिसे भिंतीतच राहते. भट्टीतले धूर आणि धूळ होऊन फुफ्फुसात व अन्नात जाते, हा फरक आपण सोयीस्करपणे वगळलात. शरीर कॅल्शियमच्या जागी ते हाडांत साठवते, तिथे ते कित्येक वर्षे मुरते आणि गरोदरपणात रक्तात उतरून बाळापर्यंत पोहोचते. पोटात गेलेले शिसे लहान मुले मोठ्यांच्या चार-पाच पट शोषतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रक्तातील शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही. भट्टीवर राबणाऱ्याचे कपडे घरात धुतले जातात, तेव्हा ही धूळ पोरांच्या अंथरुणापर्यंत जाते (आणि तो कामगार स्वतः तर कोणाच्या हिशेबातच नसतो).

बॅटरी दुकानदार, विश्रामबाग
२०२२ च्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, पण गिऱ्हाईक जुनी बॅटरी तिथेच देते जिथे चार पैसे जास्त मिळतात. नुसत्या बंदीपेक्षा हा भावातला फरक मिटवणे मला महत्त्वाचे वाटते.

मिरजेचा भंगारवाला
मग उत्पादकांनी तालुक्याच्या गावी येऊन रोखीने माल उचलावा आणि आम्लासकट अखंड पेटीच्या वजनावर दर द्यावा. आम्ही गोळा करू, फोडणार नाही.

कृष्णाकाठ
दराची अट मान्य. मात्र तोवर ओढ्यात आम्ल सोडणे चालू राहणार असेल, तर माझी तक्रार मी मागे घेणार नाही.