सल्ला हवा आहे: हातात धरून खेळायचा कन्सोल घ्यावा की टॅबलेट?

ऐरोलीकर:
नमस्कार. माझा मुलगा यंदा आठवीत गेला असून त्याने साठवलेल्या पैशांत भर घालून त्याला हातात धरून खेळायचा कन्सोल घ्यावा, असे माझ्या मनात आहे. शनिवारी आजोळी पनवेलला जाताना लोकलमध्ये पाऊण तास जातो, तेव्हा तो माझा मोबाइल मागतो. घरच्यांचे म्हणणे असे की त्याच पैशांत टॅबलेट येईल आणि अभ्यासालाही होईल. मोबाइलपुढे असे कन्सोल टिकाव धरतात का?

नेरूळचा रहिवासी:
याच प्रश्नाने कंपन्यांनाही एकदा जेरीस आणले होते. निन्टेंडो या जपानी कंपनीच्या डीएस या हातातल्या कन्सोलचे १५ कोटींहून अधिक नग विकले गेले, पण २०११ साली त्याचा पुढचा कन्सोल थ्रीडीएस आला तोवर मोबाइलवर खेळ फुकट किंवा डॉलरभरात मिळू लागले होते आणि अमेरिकेत २५० डॉलरला आणलेल्या त्या कन्सोलची किंमत पाच महिन्यांच्या आत १७० डॉलरवर उतरवावी लागली. सोनीचा व्हिटा हा हातातला कन्सोल तर सावरलाच नाही. रांगेत उभ्याने दोन मिनिटे खेळायचे खेळ मोबाइलने कायमचे नेले, हे मान्य करायला हवे. निन्टेंडोच्याच २०१७ च्या स्विच या कन्सोलला यश मिळाले, कारण त्याने त्या खेळांच्या मागे न लागता टीव्हीवरचे मोठे खेळ हातात आणून दिले.

माझ्या मुलीचा अनुभव सांगतो. टॅबलेटवर धावण्या-उडण्याचा खेळ खेळताना तिचे दोन्ही अंगठे काचेवर असत, त्यांच्याखाली नेमका खड्डा झाकला जाई आणि नजर सारखी कळ शोधायला खाली वळे. खऱ्या कळा बोटांना न बघता सापडतात. शिवाय मोबाइल-टॅबलेटमध्ये सहसा पंखा नसतो, त्यामुळे यंत्र तापले की प्रोसेसर आपला वेग कमी करतो आणि खेळ अडखळू लागतो. मे महिन्यात तुर्भे येईपर्यंत आम्ही हे अनेकदा पाहिले आहे. स्विचवर स्टेशन आले की वरचे बटण दाबायचे; पुढच्या वेळी खेळ तिथूनच सुरू होतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, फुकटच्या बऱ्याच मोबाइल खेळांत मुलांना पावलोपावली पैसे भरायला खुणावले जाते, आणि आठवीतल्या मुलाच्या हातात ते देणे मला मुळीच पटत नाही.

कोपरीकर:
वरील मत पटते, तरीही घरात आधीच टॅबलेट असेल तर प्रथम ब्लूटूथ कंट्रोलर (खऱ्या कळा असलेले, हातात धरायचे बिनतारी साधन) जोडून पाहावा. मात्र कित्येक मोबाइल खेळ कंट्रोलर ओळखतच नाहीत, म्हणून मुलाला हवे असलेले खेळ आधी तपासून घ्यावेत.

ऐरोलीकर:
दोघांचेही मनापासून आभार. घरात टॅबलेट नाही आणि मुलाला मोठी कथा असलेले खेळच हवे आहेत, तेव्हा स्विचकडे कल झुकला आहे. खरेदी करताना काय पाहावे?

नेरूळचा रहिवासी:
निन्टेंडो भारतात स्विच अधिकृतपणे विकत नाही, इथे मिळतो तो आयात केलेला. त्यामुळे दुरुस्तीची हमी दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यावी. स्विच लाइट हा त्याचा छोटा प्रकार स्वस्त आणि हलका आहे, पण टीव्हीला जोडता येत नाही. जुना घेत असाल तर अंगठ्याने दिशा देण्याची छोटी काठी (जॉयस्टिक) हात न लावता खेळात आपोआप सरकल्यासारखी वागत नाही ना, हे दुकानातच पाहावे. खेळ शक्यतो डाउनलोड न करता कार्ट्रिजवर (कन्सोलमध्ये घालायच्या छोट्या कार्डावर) घ्यावेत, म्हणजे संपल्यावर विकता किंवा मित्रांशी बदलता येतील.