‘अप्रतिम!’ हा कवितेवरचा अभिप्राय होऊ शकतो का?

ओंजळ
माझं मत सरळ आहे. दुसऱ्याच्या कवितेखाली ‘अप्रतिम’, ‘निःशब्द’, ‘क्या बात’ एवढंच लिहिणारा कवीच्या हाती काहीच ठेवत नाही. कविता पूर्ण वाचली का, हेही त्यातून कळत नाही. निदान एका ओळीवर तरी बोट ठेवा. कुठे थांबलात, कुठे मागे जाऊन पुन्हा वाचावं लागलं, कुठल्या कडव्यात लक्ष उडालं ते सांगा. ‘तिसऱ्या कडव्यात कोण बोलतंय, आई की मुलगी?’ हा एक प्रश्न ढीगभर बदामाच्या इमोजींपेक्षा उपयोगी पडतो. आवडलेल्या ओळीबद्दलही असंच नेमकं सांगा. आपल्याला काय साधलंय हे कवीला पुष्कळदा ठाऊकच नसतं.

काठावरून
नाही पटत. कविता ही तपासायला दिलेली उत्तरपत्रिका नव्हे. वडील गेल्यावर कुणी चार ओळी लिहितं, तिथे ‘पोचली’ एवढा शब्द पुरतो. नवख्यावर सूचनांचा मारा झाला की तो लिहायचंच सोडतो. शिवाय सूचना करणारे बहुतेकदा स्वतःला आवडेल अशी कविता दुसऱ्याकडून लिहून घेऊ पाहतात. याची मला खरोखर चीड आहे.

यतिभंग
आवड आणि चूक यांची गल्लत नको. समजा, कुणी भुजंगप्रयात या वृत्तात लिहिलं:

उभी सांज दारी तुझी वाट पाहे
तिथे पाखरांचे थवे घरी आले

पहिली ओळ चोख आहे: लघु-गुरु-गुरु, म्हणजे आखूड-लांब-लांब, असे तीन-तीन अक्षरांचे चार गण, बारा अक्षरं. दुसरीतही अक्षरं बाराच, पण ‘घरी’ची जागा गुरु-लघूची आणि शब्द आहे लघु-गुरु. म्हणून वाचताना जीभ अडखळते. ‘थवे येत होते’ केलं की ओळ सुटते. हे सांगण्यात माझी आवडनिवड कुठे आली? ‘लय खटकते’ म्हणून सोडून दिलं, तर तो बिचारा सगळी कविता उसवत बसेल.

मुक्तछंदी
आणि मुक्तछंदात काय मोजणार?

यतिभंग
मोजायचं नाही, मोठ्याने वाचायचं. ओळ जिथे तोडली आहे तिथे श्वास थांबतो का, ते ऐकायचं.

काठावरून
वृत्ताचं मान्य. पण मग ‘घरी’ अडखळतं एवढं सांगून थांबा ना. ‘येत होते’ ही तुमची ओळ झाली. पाखरं घरी आली हेच त्याला म्हणायचं असेल, तर तुम्ही त्याचं घरच काढून टाकलंत! दोष दाखवा, दुरुस्ती त्याची त्याला करू द्या.

यतिभंग
त्या ओळीपुरतं तुमचं बरोबर आहे, घर जायला नको. पण दुसऱ्याच्या हाताने कविता बिघडतेच असं नाही. इंग्रजी कवी टी. एस. एलियटच्या ‘द वेस्ट लँड’ या दीर्घकवितेच्या हस्तलिखितातले लांबच्या लांब भाग त्याचा कवीमित्र एझरा पाउंडने कापले. 1922 मध्ये ती छापली गेली तेव्हा बरीच आटोपशीर झाली होती, आणि पुढे एलियटने ती पाउंडलाच अर्पण केली.

काठावरून
एलियटने ते हस्तलिखित स्वतः त्याच्या हाती दिलं होतं. न मागता कात्री चालवणाऱ्यांनी पाउंडचा दाखला देऊ नये.

ओंजळ
म्हणूनच कवीने आधी सांगावं: वृत्त बघा, शेवट जमलाय का बघा, किंवा नुसती वाचा. ‘नुसती वाचा’ म्हटलं असेल तर मी एक अक्षर बोलणार नाही. पण काहीच सांगितलं नसेल तर मी विचारणार, विशेषतः शेवटाबद्दल. शेवटच्या दोन ओळींत आधीच्या सगळ्या कवितेचा अर्थ समजावून सांगायची खोड फार दिसते. ‘या दोन ओळी झाकून एकदा वाचून पाहाल का?’ एवढं विचारण्यात कसला आगाऊपणा?

काठावरून
प्रश्न म्हणून विचारा, हरकत नाही. त्यावर ‘पाहिलं, पण ओळी राहू देत’ असं उत्तर आलं, तर तेही निमूट ऐका.