कंबरेतून पायात उतरणारी कळ : अनुभव धागा

कंबरदुखी आणि सायटिका बोलण्यात एकच होऊन जातात, म्हणून आधी थोडी फोड. नुसत्या कंबरदुखीत बहुतेकांना एक असं नेमकं कारण सापडतच नाही, आणि काही आठवड्यांत ती बरीच उतरते. सायटिकात मणक्यातून बाहेर पडणाऱ्या नसेचं मूळ दुखावलेलं असतं, बहुतेकदा दोन मणक्यांमधल्या सरकलेल्या गादीमुळे (डिस्कमुळे), आणि कळ कुल्ल्यातून गुडघ्याखाली पोचते. इथे सल्ले कमी आणि अनुभव जास्त हवेत. गोळ्यांचे डोस लिहू नका. ‘खूप दुखत होतं’ यावरही थांबू नका. कुठे दुखत होतं आणि पायात जोर होता का, ते लिहा.

*

माझी कंबर एकदाही दुखली नाही. पोटरी आणि पावलाची बाहेरची कड, बस्स. करंगळीपर्यंत मुंग्या. ज्याला त्याला पोटरीचा स्नायू धरलाय असंच वाटत होतं. डॉक्टरांनी मात्र उताणं झोपवून, गुडघा न वाकवता माझा पाय वर उचलला. अर्ध्यावर जाताच मांडीमागून खालपर्यंत सणक गेली. मग घोट्याच्या मागे हातोडी मारली. डावं पाऊल टुणकन उडालं, उजवं ढिम्म. उजव्या चवड्यावर एकट्या पायाने उभं राहायला सांगितलं तर टाच उचलेचना. एवढ्यावरून त्यांनी ‘एस-१ ची नस’ सांगितली, म्हणजे मणक्याच्या तळाशी पायाकडे जाणाऱ्या नसांपैकी एक. तिच्या वरची, एल-५ ची असती तर अंगठा वर उचलायला जड गेला असता आणि मुंग्या पावलाच्या वरच्या बाजूला आल्या असत्या, म्हणाले. एमआरआयचा विषय नंतर निघाला आणि त्यात तेच आलं.

*

एमआरआयचं निघालंच आहे तर सांगते. माझं दुखणं अहवाल हातात आल्यावर वाढलं! ‘डीजनरेशन’ (झीज), ‘बल्ज’ (फुगवटा), ‘डेसिकेशन’ (गादी सुकणं). वाकायलाच भीती वाटायला लागली. फिजिओने मग 2015 सालचा एक आढावा दाखवला. ज्यांना कसलंही दुखणं नाही अशांचे स्कॅन त्यात एकत्र केले होते: विशीतल्या 37 टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या, ऐंशीच्या लोकांत 96 टक्के. म्हणजे अहवालातलं सगळंच दुखण्याचं कारण नव्हे, लक्षणांशी जुळतं तेवढंच धरायचं. आणखी एक गोष्ट तेव्हा कळली. गादीतून बाहेर आलेला तुकडा पुष्कळदा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं, आणि मोठा सुटलेला तुकडा तर जास्त शक्यतेने. त्यामुळे ‘केवढी गादी सरकलीय’ हे ऐकून हाय खाऊ नका.

*

मला पालथं झोपून कोपरांवर छाती उचलायला सांगितलं होतं. काही दिवसांनी पायातली कळ गुडघ्याच्या वर आली, मग कुल्ल्यात, आणि कंबर मात्र आधीपेक्षा जास्त ठणकायला लागली. मी वैतागून फिजिओकडे गेलो, तर त्या खूश! कळ पायातून वर सरकत कंबरेत गोळा होणं हे चांगलं लक्षण. उलट एखाद्या व्यायामाने ती खाली पावलाकडे जायला लागली तर तो तिथेच थांबवायचा. ही खूण न्यूझीलंडचे फिजिओ रॉबिन मॅकेंझी यांना 1956 मध्ये अपघातानेच सापडली: डोक्याकडची बाजू उंच केलेल्या टेबलावर एक रुग्ण चुकून पालथा पडून राहिला आणि उठला तो पाय बरा झाल्याचं सांगत.

*

वरचा व्यायाम सगळ्यांना चालत नाही हो. माझं वय सत्तरीपुढे, मणक्यातली जागाच अरुंद झालीय. मागे वाकलं की दोन्ही पाय भरून येतात. थोडं चाललं की बसावं लागतं, पुढे झुकून बसलं की मोकळं. सायकल मात्र कितीही चालवतो. निदान वेगळं, व्यायाम वेगळा.

*

शस्त्रक्रिया केलेली मीच पहिली दिसतेय. दुखणं सहन करत होते, पण चालताना चप्पल पायातून निसटायला लागली आणि पाऊल जमिनीवर फटफट आपटायला लागलं. पाऊल पडणं म्हणतात ते हेच. मग वाट बघितली नाही. भुलीतून बाहेर आले तेव्हा पायातली कळ नव्हती. बधिरपणा मात्र खूप महिने रेंगाळला, अंगठ्याचा जोर त्याहून हळू आला. नुसती कळ असेल आणि जोर शाबूत असेल तर गोष्ट वेगळी. 2007 च्या एका डच अभ्यासात लवकर शस्त्रक्रिया केलेले आणि थांबलेले, दोन्ही गटांतले सुमारे 95 टक्के लोक वर्षभराने बरे होते. थांबलेल्यांपैकी 39 टक्क्यांना पुढे शस्त्रक्रिया करावी लागली, हेही त्यातच आहे. शस्त्रक्रियेने आराम लवकर मिळतो, एवढा फरक. ज्यांना कामावर परतायची घाई आहे त्यांना तो छोटा वाटणार नाही.

*

माझा अनुभव थोडक्यात, पण कृपया वाचाच. नवऱ्याला कंबरदुखी जुनी. एका संध्याकाळी म्हणाला, लघवीला बसलो तरी होत नाहीये, आणि सायकलच्या सीटला टेकतो तो सगळा भाग बधिर झालाय. सकाळपर्यंत थांबू म्हणत होता. मी ऐकलं नाही. रात्रीच एमआरआय, लगेच शस्त्रक्रिया. मणक्याच्या तळाशी नसांचा जुडगा असतो, तो दबला होता. अशा वेळी प्रत्येक तास मोलाचा असतो.

*

नसांच्या गोळीबद्दल कुणीच लिहिलं नाही. मला प्रीगॅबालिनने चक्कर आणि झोप भरपूर दिली, कळ जिथल्या तिथे. 2017 च्या चाचणीतही सायटिकावर ती खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नव्हती. चालू असेल तर एकदम सोडू मात्र नका, डॉक्टरांना विचारून कमी करत आणा.

*

पुन्हा पुन्हा उसण भरणाऱ्यांसाठी: पट्टा, झोपायची गादी, खुर्ची सगळं करून झालं, टिकलं ते चालणं. 2024 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ऑस्ट्रेलियन चाचणीत चालण्याचा कार्यक्रम घेतलेल्यांपैकी निम्म्यांची कंबर पुन्हा धरायला 208 दिवस लागले, न घेतलेल्यांपैकी निम्म्यांची 112 दिवसांत धरली. अंथरुणात पडून राहण्याने माझे पाय तेवढे बारीक झाले. दुखतं तेव्हाही घरातल्या घरात फेऱ्या मारतो, कळ पावलाकडे उतरली की थांबतो. आणि शिंक येणार असं वाटलं की गुडघे किंचित वाकवून एक हात भिंतीला टेकवतो; बसलेलो असेन तर उभा राहतो.