स्पॅनिश समजतं, बोलायची वेळ आली की दातखीळ बसते. काय करू?

देवगडकर_हापूस:
नमस्कार मंडळी. देवगडात राहून घरूनच काम करतो, दहा महिने ऑनलाइन स्पॅनिश शिकतोय. लेखी टेस्टमध्ये मार्क बरे पडतात पण शनिवारच्या बोलायच्या क्लासला मॅडमनी माझं नाव घेतलं की घशात काटा अडकल्यासारखं होतं, आधी मराठीत वाक्य जुळवतो, मग 'असणे'साठी सेर लावू की एस्तार, नामाला पुल्लिंगी एल की स्त्रीलिंगी ला, तोवर दुसरा कोणतरी बोलून मोकळा. परवा भूक लागलीय म्हणायला गेलो, 'तेंगो आम्ब्रे'च्या जागी 'तेंगो ओम्ब्रे' तोंडातून गेलं, म्हणजे माझ्याकडे पुरुष आहे! सगळे हसले आणि मी रेंज गेल्याचं नाटक करून कॉल कट केला (आमच्याकडे ते कोणालाही पटतं). बाकी सगळे पुण्याचे, फाडफाड बोलतात. डेले ए-टू ही स्पॅनिशची परीक्षा द्यायची आहे, त्यात तोंडी पण असते. सोडून देऊ का?

बोटीवरचो:
अरे घाबरतस कित्याक? मॅडम काय तुका खातली? मी बोटीवर असताना शिकलो, क्लास बिस काही नाही. आकडे फिलिपिनो पोरांकडून, ते टाइम आणि पैसे अजून उनो, दोस, त्रेस करूनच सांगतात. पेरूत काय्याओ बंदराला उतरलो आणि बाजारात माशाकडे बोट दाखवून म्हटलं 'पेस, क्वांतो?' तर मावशी कमरेवर हात ठेवून म्हणते, पेस पाण्यात, हा पेस्कादो! म्हणजे जिवंत पोहतो तो पेस आणि जाळ्यात आला की पेस्कादो. हसली खूप, पण दोन मासे जास्त घातले. तो शब्द काय मी आता विसरतोय. तुझा ओम्ब्रे पण तू जन्मात विसरणार नाहीस बघ.

वेंगुर्ल्याची_मी:
मला वाटतं तुझा प्रॉब्लेम स्पॅनिश नाहीच. मी पुण्यात कॉलेजला होते तेव्हा 'माका' 'तुका' तोंडातून जाईल म्हणून वर्षभर गप्प बसायचे, तीच भीती ही. खरं तर आपलं तोंड या भाषेला तयारच आहे. इंग्रजीवाल्यांना 'मे गुस्ता' शिकताना घाम फुटतो, आपण 'मला मासा आवडतो, मासे आवडतात' म्हणतो तसंच ते, गुस्ता आणि गुस्तान. त आणि द आपल्यासारखे दाताला जीभ लावून. 'मी' न म्हणता नुसतं 'बोलतो' म्हटलं तरी कळतं, तसं 'आब्लो'. इंग्रजीतून जाऊच नकोस. आणि पगार शब्द पोर्तुगीजांनी दिलेला, स्पॅनिशमध्ये पगार म्हणजे पैसे देणं, हे तरी चुकणार नाही ना 😄

खाडीपलीकडे:
हसू दे त्यांना वगैरे बोलायला सोपं आहे, मला नाही जमलं. मी ग्रुप क्लास सोडून आठवड्यातून दोनदा एकट्याचा अर्धा तास घेतला, तिथे चुकलं तर ऐकणारा एकच. आणि अडलास की गप्प नको बसू, 'आ वेर', 'पुएस' असं काहीतरी टाक, आपण 'म्हणजे कसंय' म्हणून वेळ काढतो ना तसं. शब्दच नाही सुचला तर 'कोमो से दीसे' म्हणून विचारायचं. डेलेचं म्हणशील तर ए-टूला तोंडी आणि ऐकणं एकाच गटात धरतात, दोन्ही मिळून ५० पैकी ३० लागतात. तुझं ऐकणं चांगलं असेल तर तोंडीला जरा कमी पडले तरी चालतं. परीक्षेत अडखळत बोलणारा पण पास होतो, गप्प बसणाऱ्याला मार्क कशाचे देणार?

देवगडकर_हापूस:
थँक्यू सगळ्यांना. शनिवारी कॅमेरा चालू ठेवून बसलो, तीनदा आ वेर झालं, एकदा जेंडर चुकलं, कोणी मेलं नाही. मग जोर आला म्हणून रात्री जेवताना सार भुरकत आईला म्हटलं, मे गुस्ता मुचो ला सोपा (मला सार खूप आवडतं). ती म्हणाली, सोपां आसा तर उद्यापासून तूच कर मगे.