छपाईतली चूक कॉमिकच्या ग्रेडमधून वजा करावी का?

जुनीपुराणी (धागाकर्ता)

अमेरिकेतल्या सीजीसी या कंपनीने २००० साली कॉमिकचे ग्रेडिंग सुरू केले आणि तेव्हापासून जुन्या अंकाची किंमत लेबलावरच्या एका आकड्यावर ठरू लागली. अंक पानापानाने तपासायचा, कुठे रंग भरला आहे किंवा फाटके चिकटवले आहे का ते पाहायचे, ०.५ ते १० या मापावर त्याला आकडा द्यायचा आणि तो कडक पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत, म्हणजे संग्राहकांच्या भाषेत 'स्लॅब'मध्ये, सीलबंद करायचा, अशी ही पद्धत आहे. १९३८ च्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकाची ८.५ ग्रेडची प्रत एप्रिल २०२४ मध्ये ६० लाख डॉलरना गेली. अर्ध्या गुणासाठीही लोक हातघाईवर का येतात, ते एवढ्यावरून लक्षात यावे.

माझा आक्षेप आकड्याला नाही. एकाच आकड्यात दोन वेगळ्या गोष्टी कालवल्या जातात, याला आहे. छपाईनंतर अंकाला पडलेल्या घड्या, डाग, गंजलेल्या पिना, पिवळी पडलेली पाने ही त्याची झीज झाली. पण अंक जन्मतःच वाकडा असेल तर? जुन्या अंकांचे मुखपृष्ठ गुळगुळीत कागदावर वेगळे छापले जात असे, आतली पाने वर्तमानपत्री कागदावर, आणि दोन्हींची गाठ पिन मारताना पडत असे. त्या वेळी मुखपृष्ठ दोन मिलिमीटर सरकले, की मागच्या बाजूची पट्टी कण्यावरून वळून पुढे दिसू लागते. याला 'मिसरॅप' म्हणतात. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची काही वर्षे निघालेल्या मार्व्हलच्या अनेक अंकांची उजवी कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसते, कारण कटिंग मशीनचे पाते बोथट झालेले असे. पहिल्या मालकाने तो अंक न उघडता पेटीत ठेवला असता, तरी ती कड तशीच राहिली असती.

अशा दोषांना ग्रेडर थोडी सूट देतात, पण किती द्यायची हे नजरेवर सोडलेले असते. त्यामुळे मिसरॅप असलेली प्रत ९.८ घेऊन येते आणि ती विकत घेणारा डोक्याला हात लावतो, तर कड तुटलेली प्रत खाली घसरते. याउलट, 'हल्क'चा मे १९६२ चा पहिला अंक पाहा. त्यात हल्क करड्या रंगाचा होता, पण छापखान्याला तो करडा एकसारखा धरता आला नाही, पानागणिक छटा बदलली आणि दुसऱ्या अंकापासून तो हिरवा झाला. ती छटा बिघडली म्हणून कोणी ग्रेड कापत नाही. मग कडेचाच गुन्हा का? आकडा फक्त झिजेचा असावा आणि छपाई-बांधणीतले दोष लेबलावर वेगळ्या ओळीत लिहावेत, असे माझे मत आहे.

फर्मा

मी सहमत नाही. माझे वडील पुण्यातल्या एका छापखान्यात बांधणी खात्यावर होते आणि शाळेच्या सुट्ट्या मी त्या कटिंग मशीनच्या शेजारी काढल्या आहेत. रजिस्टर चुकलेला, म्हणजे रंग एकमेकांवर नीट न बसलेला कागद, तिरपी पिन, कडेला केस फुटलेला गठ्ठा, हे सगळे तिथे एकाच ढिगात जात असे आणि त्या ढिगाला 'वेस्टेज' म्हणत. तपासणाऱ्याच्या हातून जे निसटले, तेच गिऱ्हाइकाकडे पोहोचले. त्या निसटलेल्या प्रतीला आपण 'जन्मजात' म्हणून माफी द्यावी, हे मला कळत नाही. आंबा झाडावरच डागाळला की पेटीत, हे घेणारा विचारत नाही.

त्याहून मोठी अडचण अशी की दोष जन्माचा की नंतरचा, हे ठरवणार कोण? कण्याच्या टोकाशी असलेली बारीक चीर बांधणीत पडली, की कोणी अंक स्टँडवरून ओढताना पडली, हे साठ वर्षांनी सांगणे बऱ्याचदा अशक्य असते. हल्कच्या छटेचे तुमचे उदाहरणही इथे बसत नाही, कारण तो दोष त्या छपाईत सर्वत्र आहे, एखाद्या प्रतीचा नाही. ज्या दोषातून कोणीच सुटले नाही, त्याचे गुण कापून कोणाची तुलना होणार?

चारआणे

मी मूळचा तिकिटांचा संग्राहक, त्यामुळे हा वाद मला ओळखीचा वाटतो. अमेरिकेचे १९१८ चे चोवीस सेंटांचे तिकीट, ज्यात विमान उलटे छापले गेले, ते शंभर तिकिटांच्या एकाच शीटमुळे जगप्रसिद्ध झाले. आपल्याकडे १८५४ च्या चार आण्यांच्या तिकिटावर राणीचे डोके उलटे आले, त्याचीही तीच कीर्ती आहे. मात्र तिकिटांत आम्ही खरी चूक आणि नुसता विक्षेप यांत भेद करतो. रंगाचा टप्पा उलटा छापला गेला, तर ती चूक. छिद्रे थोडी सरकली किंवा शाईचा फराटा उमटला, तर तो विक्षेप, आणि त्याला फारसे कोणी विचारत नाही.

कॉमिकमध्ये पहिल्या जातीचे उदाहरण म्हणजे १९९८ चा 'वुल्व्हरिन'चा १३१ वा अंक. एका शब्दाच्या जागी ज्यूंविषयीचा अपशब्द छापला गेला, मार्व्हलने अंक परत मागवला आणि दुरुस्त करून पुन्हा छापला. तो चुकीचा अंक ही स्वतंत्र आवृत्तीच ठरते, तिथे गुण कापण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. जुनीपुराणी यांनी ज्याची बाजू घेतली आहे, ते सगळे दुसऱ्या जातीचे आहे. बोथट पात्याला मी वारसा म्हणणार नाही.

रॉकॉपी

वेगळी ओळ लिहिण्याचा प्रयोग झालेला आहे आणि त्याचे काय झाले ते पाहावे. १९७४ च्या 'हल्क'च्या १८१ व्या अंकात कापून चिकटवण्याचे एक छापील तिकीट होते, ते अनेक मुलांनी कापले. १९८३ च्या 'ॲमेझिंग स्पायडर-मॅन'च्या २३८ व्या अंकात अंगावर उमटवण्याची चित्रे जोडलेली होती, ती काढली गेली. अशा अंकांना हिरवे लेबल मिळू शकते, म्हणजे उणीव लेबलावर नोंदवायची आणि ती नाहीच असे धरून आकडा द्यायचा. तुम्ही मागता आहात ती हीच सोय, फक्त दोष वेगळा आहे. पण बाजारात हिरव्या लेबलाकडे लोक सावत्र नजरेने पाहतात, आणि हिरव्या ९.० पेक्षा नेहमीच्या निळ्या लेबलाच्या ७.० ला मागणी असल्याचे मी स्वतः अनेकदा पाहिले आहे. तुमची वेगळी ओळ मिसरॅपला वाचवणार नाही, उलट त्याच्या कपाळी शिक्का मारील.

जुनीपुराणी

फर्मा, आंब्याची उपमा चांगली आहे, पण आपण आंबा खातो आणि स्लॅबमधला अंक तर वाचताही येत नाही, तेव्हा इथे विकली जाते ती केवळ नोंद. नोंद बिनचूक असावी, एवढेच माझे म्हणणे आहे. रॉकॉपी यांचा मुद्दा मात्र मला खोडता येत नाही.

तरीही एक विसंगती दाखवतो. पिन मारताना चुकून दोन मुखपृष्ठे एकावर एक बसली, तर त्या प्रतीची ग्रेड आतल्या मुखपृष्ठावरून ठरते, आणि ते अर्थातच बाहेरच्याच्या आडोशाने कोरे राहिलेले असते. म्हणजे छापखान्याच्या चुकीने गुण वाढतात, ते चालते! चूक फायद्याची असली की गुणांत धरायची आणि तोट्याची असली की 'हातातली वस्तू पाहा' म्हणायचे, याला न्याय म्हणता येईल का?

फर्मा

दुहेरी मुखपृष्ठाबाबत तुमचे बरोबर आहे, ती सवलत मलाही पटलेली नाही. पण 'दोष कधीचा ते कळते' या तुमच्या गृहीतकावर मी अडून आहे, म्हणून घरचेच उदाहरण देतो. माझ्याकडे मराठी 'इंद्रजाल'चा वेताळाचा एक अंक आहे, भाड्याने पुस्तके देणाऱ्या एका वाचनालयातून आलेला. त्याच्या कण्यावर दोनच पिना आहेत, पण मधल्या पानाशी उघडला की जादा छिद्रे दिसतात.

जुनीपुराणी

मुखपृष्ठाला किती छिद्रे आहेत आणि आतल्या पानांना किती, ते मोजून सांगाल का?

फर्मा

मोजली. मुखपृष्ठाला चार, आतल्या पानांना सहा. म्हणजे एकतर बांधणीत मुखपृष्ठ चढण्याआधीच आतल्या पानांना एक पिन चुकून बसली आणि कामगाराने ती उपटली. नाहीतर वाचनालयवाल्याने फाटके मुखपृष्ठ फेकून दुसऱ्या प्रतीचे आणून लावले. पहिले खरे असेल तर तुमच्या नियमाने माझ्या अंकाचा एकही गुण जात नाही आणि दुसरे खरे असेल तर तो दोन अंकांचा जोड आहे. तीस वर्षे हा अंक माझ्या कपाटात आहे, वडिलांनीही तो भिंगाखाली धरून पाहिला होता आणि त्यांनाही सांगता आले नव्हते.